जुना भाग मालकाच्या हाती

१९५५ सालच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, धुळ्यात आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात माझ्या आबांना फसवलं गेलं. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. फसवणारे दोघे होते. एक त्या गॅरेजचा मालक. दुसरा मी.

पहिल्याबद्दल लिहायला मला एक दिवसही लागला नसता. दुसऱ्याबद्दल लिहायला तीन वर्षं लागली. या तीन वर्षांत मी गावच्या रस्त्यावर पत्रकं काढली, विहिरींवर काढली, मालधक्क्यावरच्या उन्हावर काढली. जो दिसेल त्याला जाब विचारला. हा एक जाब तेवढा राहून गेला.

आमचं गाव जळगाव तालुक्यात, तापीच्या अलीकडच्या काठाला. केळी आणि कपाशी. आबा लढाईच्या काळात लष्कराच्या गाड्या चालवायला होते, तिकडे आसामच्या बाजूला. लढाई संपली, लष्करानं जुने ट्रक विकायला काढले, त्यातला एक आबांनी गावात आणला. रंग शेवाळी, नाक बोथट, आणि स्टिअरिंगचं चाक डावीकडे. डावीकडच्या चाकामुळे ती गाडी गावात दुसऱ्या कोणाला चालवता यायची नाही. आबांनाही ते आवडायचं. "ही फक्त माझंच आइकते," म्हणायचे.

केळीचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. घड हिरवा असतानाच कापतात आणि ठरलेल्या दिवशी जळगावच्या मालधक्क्यावर रेल्वेच्या वाघिणीत भरतात. वाघीण कोणासाठी थांबत नाही. बैलगाडीतून नेलं तर खाचखळग्यात घड एकमेकांवर घासतात, काळे पडतात. आबा ट्रकमध्ये वाळलेल्या पानांची गादी करायचे, घड उभे लावायचे, आणि नाल्याच्या उतारावर गाडी अशी सोडायचे की मागे बसलेल्या माणसाची विडीसुद्धा हलायची नाही. "आबांच्या गाडीतलं केळं झोपून जातं," असं गावात म्हणत. बाकी कशाचा अभिमान धरावा असं आमच्या घरात फारसं काही नव्हतं. एवढं एक होतं.

आणि आबांचे कान. तिन्हीसांजेला ते ओट्यावर बसत. दूर सडकेवरून एखादा ट्रक जात असे, आम्हाला नुसती घरघर ऐकू येई. आबा डोळे मिटून सांगत, "तिसऱ्यात आहे. आता चढ आला. दुसरा टाकीन… थांब… हं." आणि त्या "हं" बरोबर दूरचा आवाज बदले. लहान असताना मला वाटे की आबाच तो ट्रक चालवताहेत.

१९५४ चा पावसाळा सरला आणि गाडीचा दुसरा गियर सुटू लागला. म्हणजे चढावर दुसरा टाकला की थोडं अंतर जाऊन दांडा आपला आपण मागे उडी मारायचा आणि गाडी मोकळी पडायची. भरलेली गाडी चढावर मोकळी पडणं म्हणजे काय, ते ज्याच्या मागे बैलगाड्यांची रांग असेल त्याला विचारा. शिवाय आवाज. जात्यात खडा आल्यासारखा. आबांनी काय करावं? सुताचा दोर घेतला, दांड्याला फास टाकला आणि दुसरं टोक बाकाच्या पायाला बांधलं. चढ आला की दोर ओढून धरायचा, चढ सरला की सोडायचा. गावाला आयता विषय मिळाला.

"आबांनी गाडीले वेसण घातली!"

"आता चाराही टाका म्हणावं. सरकी घाला, दूध देईन."

आबा हसायचे. पण दोराचा हात रात्री जेवताना सुद्धा वळलेला असायचा, ते काकूला दिसायचं आणि मलाही.

दुरुस्ती करायची तर कोणाकडे? माझ्या वाचकांपैकी ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना हा प्रश्न किती मोठा आहे ते ठाऊक आहे. इंजिन बिघडलं तर धूर दिसतो. चाक बिघडलं तर डोळ्यांना दिसतं. गियरबॉक्स म्हणजे बंद लोखंडी पेटी. आत काय आहे ते फक्त उघडणारा पाहतो, आणि उघडणारा सांगेल ते खरं मानायचं.

जळगावात आम्ही तीन ठिकाणी गेलो. पहिल्यानं गाडीकडे न बघताच सांगितलं, "खोलून पाहावं लागेल." खोलून पाहणं म्हणजे काय ते आबांना माहीत होतं. चोपड्याच्या एका ड्रायव्हरची गाडी तिथेच मागच्या अंगणात खोलून पडली होती, तिच्या पेटीत चिमणीनं घरटं केलं होतं. एकदा खोललेली गाडी घरी जात नाही, आणि मालक त्या दुकानाला बांधला जातो. आबा म्हणाले, "डाक्टरबी आधी नाडी पाह्यतो, पोट फाडत नाही." दुसऱ्यानं सांगितलं, गाडी भंगारात घाला. तेही न बघता.

तिसरे मालधक्क्याजवळचे चाचा. हे म्हातारे मिस्त्री खरं म्हणजे ट्रकच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे ठोकायचे, पण त्यांचं तरुणपण मोटारीच्या कारखान्यात गेलेलं होतं. चाचांनी काही खोललं नाही. ते आबांच्या शेजारी बसले, म्हणाले, "चला, पिंप्राळ्यापर्यंत फिरवून आणा." सगळी वाट त्यांचा हात दांड्यावर होता आणि डोळे मिटलेले. मी मागे उभा होतो. पुढे दोन माणसं डोळे मिटून गाडी ऐकताहेत हे पाहून मला भीतीच वाटली, कारण त्यातला एक गाडी चालवत होता.

परत आल्यावर चाचा उतरले आणि हात पुसत म्हणाले, "आबा, दुसऱ्या गेरचे दात गेले. दात पुन्हा येत नाहीत, माणसाचे काय, गेरचे काय. अशीच दुसरी मेलेली गाडी सापडली तर तिचा काढून घालीन. तोपर्यंत गाडी खडी करो."

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"मालूम नहीं."

"निदान अंदाज?"

"अंदाज कशाला सांगू, भाऊ? सापडलं तर सांगीन. नाही सापडलं तर तेही सांगीन."

आबांनी मान हलवली. त्यांना पटलं होतं. मला राग आला. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला 'माहीत नाही' हे शब्द सोसत नाहीत. आमच्या पत्रकात काही माहीत नाही असं कधीच होत नाही. मला वाटलं, हा म्हातारा पाटे ठोकून ठोकून थकला, याला काम नको आहे. आणि मी म्हणालो, "आबा, धुळ्याला जाऊ. तिथे माझ्या ओळखीचं गॅरेज आहे. खात्रीचं."

ही ओळख कशी, ते आता सांगतो.

गावाला पक्की सडक हवी आणि मालधक्क्यावर केळीला सावली हवी, यासाठी आमचं पाच-सहा जणांचं मंडळ पत्रकं काढायचं. छपाई धुळ्याला व्हायची. छापखान्यात लग्नपत्रिकांचा गुलाबी कागद उरलेला असे, तोच आम्हाला मिळायचा, म्हणून आमचा सगळा संताप गुलाबी रंगाचा. छापखान्यापासून थोड्या अंतरावर हे गॅरेज. मालक बोलायला मोकळा, पान खाऊन हसणारा. त्याच्याकडे येणाऱ्या ट्रकमधून आमचे गठ्ठे पारोळ्याला, चोपड्याला फुकट जायचे. आम्हाला तो फार मोठा माणूस वाटायचा. एक दिवस तो म्हणाला, "पत्रकवाले भाऊ, जगासाठी लिहितस, आमच्यासाठी दोन ओळी लिहा ना."

मी छापखान्याच्या ओट्यावर बसून लिहिल्या. लिहायला चहा निवण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. अजून पाठ आहेत:

'जुन्या गाडीचा गियरबॉक्स? काळजी सोडा! खात्रीचे एकच ठिकाण. काढलेला जुना भाग मालकाच्या हाती परत. झाकलेले काही नाही!'

त्या गॅरेजात काम कसं चालतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. जुना भाग परत देतात की नाही, मी विचारलंही नव्हतं. मला सुचलं, मी लिहिलं. मंडळात आम्हाला हेच शिकवलेलं, की नुसतं 'विश्वास ठेवा' म्हणू नका, एक ठोस गोष्ट द्या, माणूस तिला धरतो. मालकानं वाचलं आणि विचारलं, "हे जुन्या भागाचं काय लिहिलं?"

"त्यानं लोकांना विश्वास वाटतो."

तो मोठ्यांदा हसला. "मग दिऊत ना! आमच्याकडे जुने भाग लई पडेल शेतस."

मीही हसलो.

चाचांकडून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते गुलाबी पत्रक आबांना वाचून दाखवलं. आबांना सही येत होती, छापलेलं वाचायला वेळ लागायचा. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला, अंगठ्यानं शाई चोळून पाहिली.

"हे तू लिहिलं का?"

"हो."

"मंग खरं असीन."

एवढंच. चाचांचं म्हणणं त्यांना पटलं होतं, ते त्यांनी माझ्या दोन ओळींसाठी बाजूला ठेवलं.

संक्रांतीच्या तीन दिवस आधी आम्ही निघालो. कोणाकडे कामाला जायचं तर हात हलवत जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आबांनी मळ्यात फिरून, पाच घड बघून सहावा निवडला. बसराई केळी, हिरवीगार, घड एवढा की दोघांनी धरावा. पानात गुंडाळून गाडीत ठेवला. पारोळ्याला चहाला थांबलो तिथे आबांच्या ओळखीचे एक शेतकरी भेटले. त्यांनी दोर पाहिला आणि सुरुवात केली.

"आबा, बैलाला वेसण ऐकली होती."

"हा बैल बरा. वेसण ओढली तर शिंग उगारत नाही."

"मग धुळ्याला कशाला नेता?"

"पुतण्यानं छापलंय," आबा म्हणाले. इतक्या अभिमानानं म्हणाले की मी चहाच्या कपात पाहत राहिलो.

गॅरेजच्या मालकानं आबांच्या पाया पडल्यासारखं केलं. "आबा, तुम्ही आला, बठ्ठं आलं, सगळं आलं." घड पाहून तर तो हरखलाच. "अरे वा! हे केळं वाया जाणार नाही, आबा. लई कामात येई." त्याच्या हाताखालची माणसं खुसखुसली. मला वाटलं, पोरं खुश झाली.

आबांची इच्छा तिथेच बसायची होती. कोपऱ्यात, कोणाच्या मध्ये न येता, पेटी उघडताना नुसतं बघायचं. मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. "आबा, विश्वास ठेवायचा तर पहारा कशाला? बरं दिसत नाही." दोन दिवस मी त्यांना छापखान्याच्या ओसरीत बसवून ठेवलं. ते दिवसातून दहा वेळा त्या दिशेनं मान वळवत. यंत्राच्या खडखडाटात त्यांना काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी ताब्यात मिळाली. आबा चाकामागे बसले. पहिला टाकला, दुसरा टाकला. आग्रा रोडवर गाडी फिरवून आणली. खड्याचा आवाज नाही. दांडा जागचा हलत नाही. आवाजच नाही म्हणा ना. मालकानं एका लाल फडक्यात गुंडाळलेली वस्तू दोन्ही हातांनी पुढे केली. "हा घ्या तुमचा जुना गेर. लिहिल्याप्रमाणे." फडक्यात दात झिजलेलं लोखंडी चक्र होतं, तेलानं काळं. आबांनी ते कपाळाला लावलं. मी मालकाकडे पाहिलं. त्यानं मला डोळा मारला. त्याचा अर्थ मी असा घेतला की, बघा, तुमचा शब्द पाळला.

परतताना पारोळ्याला ते शेतकरी पुन्हा भेटले, तर आबांनी दोर सोडला आणि त्यांच्या अंगावर फेकला. "ने, बैलाले लाव!" आयुष्यात मी त्यांना इतक्या जोरात बोलताना ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. काकूनं त्या चक्राला हळद-कुंकू लावून देवळीत ठेवलं आणि वर तिळगुळाची वडी ठेवली. "गोड बोल रे बाबा," ती चक्राला म्हणाली. सगळे हसलो.

संध्याकाळी ओट्यावर आबा मला हळूच म्हणाले, "एक आहे पोरा. ती काहीच बोलत नाही."

"कोण?"

"गाडी. चांगली गाडीबी बोलते थोडं. ही गप्पच झाली. तोंडात घास भरल्यावानी."

"आबा, तुम्हाला खडखडाटाची सवय झालीये. होईल हळूहळू."

पन्नाशीच्या माणसाचे कान, आणि त्यांना मी सांगत होतो काय ऐकायचं ते.

तीन आठवडे गेले. एका सकाळी भरली गाडी घेऊन आम्ही जळगावला निघालो. मालधक्क्यावर चिकटवायची पत्रकं माझ्या मांडीवर होती. नाला उतरलो. पलीकडच्या चढाला आबांनी दुसरा टाकला. अर्ध्या चढावर पायाखाली काहीतरी फुटलं, मोठं हाड मोडावं तसं, आणि पाठोपाठ आत तुकडे भरडल्याचा आवाज. आबांच्या हातात दांडा ढिला आला, मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखा. त्यांनी ब्रेक दाबून धरला आणि मला ओरडले, "दगड लाव! दगड!" मी पत्रकं टाकून उतरलो आणि चाकामागे दगड लावले. माल बैलगाड्यांत उतरवेपर्यंत वाघीण गेली होती.

तीन बैलजोड्या लावून ट्रक जळगावला ओढत नेला. कुठे न्यायचा हे आबांनी मला विचारलं नाही. चाचांच्या दारात नेला.

चाचांनी तळाचं बूच काढलं. तेल आलं नाही. त्यांनी तार घालून ओढली, तेव्हा काळा, चिकट लगदा आला आणि त्यात लांब लांब दोरे. चाचांनी चिमटीत धरून वास घेतला. पुन्हा घेतला. मग झाकण उघडलं.

"लाकडाचा भुसा टाकतात, ते मी पाहिलंय," ते म्हणाले. "आवाज दबतो. बेचायची गाडी असली की टाकतात. ये पहली बार देख रहा हूं." त्यांनी बोटावर लगदा घेऊन आबांपुढे धरला. "केळं. कच्चं. सालीसकट भरलंय. आणि दांड्याखालची स्प्रिंग आवळून टाकली, म्हणून गेर सुटत नव्हता. सुटायला पाहिजे होता, आबा. सुटत होता तोपर्यंत बाकीचे वाचत होते. आता दातावर दात घासून बठ्ठे गेले. पेटीलाही चीर गेली."

आबांनी पुढे होऊन लगद्याचा वास घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्याचंच मला अजून भय वाटतं.

"बसराई आहे," ते म्हणाले. "आपल्याच मळ्यातली."

मी गावाकडे धावलो, देवळीतलं चक्र फडक्यासकट घेऊन आलो. चाचांनी फुटलेल्या गियरचे तुकडे फळीवर जुळवून मांडले आणि दोन्हींचे दात बोटानं मोजले. कुंकू त्यांच्या बोटाला लागलं. "हा या गाडीचा नाही," ते म्हणाले. "दात जास्त आहेत. कुठल्यातरी दुसऱ्या ट्रकचा आहे. तुमचा गेर त्यांनी काढलाच नव्हता."

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला गेलो. गॅरेजच्या दारात उभा राहून, रस्त्यावर ऐकू जाईल असं बोललो. मला बोलता येतं, तेवढंच येतं. मालकानं सगळं ऐकून घेतलं, पान थुंकला, आणि खिळ्याला अडकवलेल्या गठ्ठ्यातून एक गुलाबी पत्रक ओढलं.

"वाचा."

"मला पाठ आहे."

"मग सांगा. जुना भाग मालकाच्या हाती परत. दिला का नाही? कोणाचा जुना भाग ते तुम्ही लिहिलं नाही. मी लिहिलं का हे? मी शाळा शिकेल नई, भाऊ. तुमचं वाचूनच लोक येतस." मग माणसांकडे वळून म्हणाला, "भाऊंना चहा सांगा रे. आपले लेखक शेतस."

माणसं हसली. घड दिला त्या दिवशी पोरं खुश नव्हती झाली, हे मला त्या हसण्यात कळलं.

मी मंडळात गेलो. म्हटलं, याच्याविरुद्ध पत्रक काढू. जे माझ्याबरोबर उन्हातान्हात हिंडले होते ते खाली बघू लागले. एक जण म्हणाला, आपले गठ्ठे कोण नेईल मग? दुसरा म्हणाला, एका ट्रकसाठी सडकेचं काम मोडायचं का? त्यांचं चुकतं असं मला तेव्हा छातीठोकपणे म्हणता आलं नाही, आणि सडक अजूनही झालेली नाही. मी मंडळ सोडलं. एकट्यानं छापून घ्यायचं ठरवलं. मजकूर लिहून आधी आबांना वाचून दाखवला.

आबांनी पूर्ण ऐकला. "झ्याक लिहिलं," म्हणाले. मग म्हणाले, "नको छापू."

"का? खरं आहे ना सगळं?"

"पह्यलंबी असंच वाटलं होतं. छापलेलं वाचूनच तर मी गेलो."

मी तो कागद चुलीत टाकला.

चाचा अजून तसाच मेलेला ट्रक शोधताहेत. वर्षातून दोन-तीनदा निरोप येतो: नाही सापडला. एकदा चोपड्याच्या बाजूला तसाच ट्रक पडलाय असं कळलं, चाचा स्वतः जाऊन आले, त्याचे गियर आधीच कोणीतरी काढून नेले होते. तेही त्यांनी येऊन सांगितलं. आम्ही शोधत होतो ते खात्रीचं दुकान हेच होतं, पहिल्या दिवसापासून मालधक्क्यापाशी उघडं. आता तसा ट्रक सापडेपर्यंत तिथे दुरुस्त करायला काही उरलेलं नाही. गेल्या दिवाळीपासून चाचांना जवळचं दिसत नाही, दात चाचपून मोजतात.

ट्रक आमच्या खळ्यात उभा आहे. टायर मातीत बसलेत. काकू त्याच्यावर शेवया वाळत घालते. आबा दुसऱ्याच्या मळ्यात केळीला पाणी धरायला जातात. गावचा माल बैलगाड्यांनी जातो आणि काळा पडतो, आणि आबांच्या गाडीत केळं झोपून जायचं हे आता कोणी म्हणत नाही, त्यांना वाईट वाटेल म्हणून. संध्याकाळी ते ओट्यावर बसतात. सडकेनं ट्रक जातो. मी थांबतो. चढ येतो, आवाज बदलतो. आबा काही बोलत नाहीत. एकदा मी न राहवून विचारलं, "कितव्यात आहे, आबा?"

"काय माहीत," ते म्हणाले. "मले कुठं कळतं."

हे मी आता का लिहितो आहे? मागच्या महिन्यात पारोळ्याला बसमधून उतरलो तर चहाच्या दुकानाच्या कुडावर माझं गुलाबी पत्रक होतं. धुरानं पिवळं पडलेलं, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. त्याच्याखाली उभा राहून एक ड्रायव्हर ओठ हलवत वाचत होता. मी तो कागद खरवडून काढला, तर दुकानदार माझ्यावर धावला. "कामाचं शे ते! दोन गाड्या पाठवल्या मी तिकडे!"

ते पत्रक मी पाचशे छापून घेतलं होतं. मी एक काढलं आहे. बाकीची कापसाच्या जिनाच्या भिंतींवर आहेत, खताच्या दुकानात आहेत, ट्रकच्या टपाखाली घडी करून ठेवलेली आहेत. तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरात आहे. त्याच्याखाली नाव नाही, पण ते मी लिहिलं आहे आणि ते खोटं आहे. आज उठा आणि ते काढा. कोणी का म्हणून विचारलं तर लिहिणाऱ्यानंच सांगितलं म्हणा, आणि तुमची गाडी कोणाच्याही दारात सोडून ओसरीत जाऊन बसू नका. पेटी उघडेपर्यंत आणि झाकण बसेपर्यंत तिथेच उभे राहा, बरं दिसो की न दिसो.